एकच कार्यक्रम, दोन वेगळी माणसं: नालंदाच्या शाळांमधला 'सेहर' प्रयोग

शाळेत मुलांच्या मनासाठी काहीतरी करायला हवं हे आता कुणालाच पटवून द्यावं लागत नाही. निकालाच्या आठवड्यात मुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या येतात, कोटा शहरातल्या कोचिंग क्लासेसमधून येतात, आणि मग चर्चेत कुणीतरी हमखास म्हणतं की शिक्षकांना ट्रेनिंग द्या, तेच मुलांच्या सगळ्यात जवळ असतात. ऐकायला बरोबर वाटतं. पण या वाक्याची चक्क परीक्षा झालीये, आपल्याच देशात, बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांमध्ये, 'सेहर' नावाच्या प्रयोगात, हजारो पोरांना घेऊन, आणि निकाल २०१८ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलाय. तरी शाळांसाठी योजना आखताना तो निकाल कुणी समोर ठेवला असं वाटत नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितेय, जरा लांबणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक आजार असल्याचं आढळलं. आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या एका अंदाजानुसार लाखभर लोकसंख्येमागे आपल्याकडे एक पूर्ण मानसोपचारतज्ज्ञही नाही, ०.७५ आहे. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यातल्या १,७६४ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत आपण पहिले. हा आकडा मी मुद्दाम इथे ठेवतेय, कारण पुढचं सगळं बिहारबद्दल आहे आणि वाचताना 'ते तिकडचं' असं वाटून जायची शक्यता आहे.

हा प्रयोग कुठून आला

ज्यांच्या कामातून हे उभं राहिलं ते विक्रम पटेल. जन्म मुंबईचा, शिक्षण वैद्यकीय, पुढे ऱ्होड्स स्कॉलर म्हणून ऑक्सफर्डला, मग मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काही काळ झिम्बाब्वेत संशोधन. तिथून परत येऊन १९९६ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर गोव्यात 'संगथ' ही संस्था सुरू केली. त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो: तज्ज्ञ पुरेसे नाहीत, लवकर होणारही नाहीत, मग हे काम दुसरं कोण करू शकेल? गोव्यात त्यांनी 'मानस' नावाची ट्रायल केली, २४ आरोग्य केंद्रं आणि दवाखाने घेऊन, त्यात मानसशास्त्राची डिग्री नसलेल्या पण नीट ट्रेनिंग दिलेल्या माणसांनी नैराश्य आणि चिंतेच्या पेशंटना समुपदेशन केलं. २०१० मध्ये निकाल आला, सरकारी केंद्रांमध्ये पेशंट बरे होण्याचं प्रमाण चांगलं वाढलेलं होतं, खाजगी डॉक्टरांकडे मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे तेच काम जागा बदलली की वेगळं वागतं हे तेव्हाच कळलं होतं.

मग हीच पद्धत शाळेत आणायची कल्पना. गोव्यातच 'शेप' नावाचा छोटा पायलट झाला, शाळेत एक साधा, डिग्री नसलेला आरोग्य समुपदेशक बसवून बघितला. दुसरीकडे ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या २६ शाळांमध्ये १९९७ पासून 'गेटहाउस प्रोजेक्ट' झाला होता, जॉर्ज पॅटन आणि त्यांच्या टीमचा. त्यांचं म्हणणं असं की एकेका मुलाला दुरुस्त करत बसण्यापेक्षा शाळेचं वातावरण बदला, म्हणजे मुलाला इथे सुरक्षित वाटतंय का, आपलं कुणी ऐकतं असं वाटतंय का, शाळा आपली वाटते का. गेटहाउसमध्ये सिगरेट-दारूसारख्या गोष्टींवर परिणाम दिसला, नैराश्यावर फारसा नाही. पण ती विचारपद्धत राहिली आणि पॅटन पुढे नालंदाच्या अभ्यासातही सोबत होते.

हे सगळं एकत्र येऊन झालं 'सेहर'. जागा बिहारमधला नालंदा जिल्हा, पहिलं वर्ष २०१५-१६ चं. पेपरचे पहिले लेखक सचिन शिंदे, आकडेवारीची बाजू लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या हेलन वाइस आणि त्यांची टीम, सोबत पटेल आणि इतर बरेच जण. शाळा सरकारी, मुलं नववीची.

डिझाइन नीट बघा, कारण सगळी गंमत तिथेच आहे

७५ शाळा निवडल्या आणि त्यांच्या अक्षरशः चिठ्ठ्या काढल्यासारखे तीन गट केले, म्हणजे कुठली शाळा कुठल्या गटात जाणार हे कुणाच्या आवडीवर सोडलं नाही. एक शाळा सुरुवातीलाच बाहेर पडली, ७४ उरल्या.

तिन्ही गटांत राज्य सरकारचा 'तरंग' नावाचा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम चालूच होता. हे महत्त्वाचं आहे. म्हणजे तुलना 'काहीच नाही' विरुद्ध 'काहीतरी' अशी नव्हती. तिसऱ्या गटाला फक्त तरंग. पहिल्या गटाला तरंग आणि त्यावर 'सेहर', तो चालवायला शाळेत एक 'सेहर मित्र', म्हणजे मानसशास्त्राची डिग्री नसलेली, ट्रेनिंग घेतलेली व्यक्ती जिचं शाळेत दुसरं काही कामच नाही. दुसऱ्या गटाला पण तरंग आणि तोच 'सेहर', पण तो चालवणार त्याच शाळेतला एक शिक्षक, ट्रेनिंग घेऊन, आपलं रोजचं शिकवणं सांभाळून.

कार्यक्रम तोच. उपक्रम तेच. बदलला तो फक्त चालवणारा माणूस.

कामं काय होती? तीन थर होते. सगळ्या शाळेसाठी: प्रार्थनेच्या वेळी एखाद्या विषयावर बोलायचं, भिंतीवर मासिक लावायचं, स्पर्धा घ्यायच्या, एक 'मन की बात' टाकायची पेटी ठेवायची ज्यात मूल नाव लिहून किंवा न लिहिता अडचण, तक्रार, सूचना टाकू शकेल, मुख्याध्यापक-शिक्षक-पालक-मुलं अशी एक समिती करायची आणि मारहाण-छळाविरुद्ध शाळेचं धोरण ठरवून घ्यायचं. दुसरा थर वर्गाचा: मुलांचे गट करून चर्चा, कार्यशाळा. तिसरा थर एकट्या मुलाचा: ज्याला गरज आहे त्याच्याशी स्वतंत्र बसून बोलायचं. विषय आपल्याला सगळ्यांना माहीत असलेलेच, दादागिरी, स्वच्छता, अभ्यासाच्या सवयी, मुलगा-मुलगी भेद, हिंसा, नशा, वयात येणं, मनाचं आरोग्य.

मारहाणीबद्दल एक गोष्ट सांगून टाकते. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीवर बंदी आहे, पण तो कायदा ६ ते १४ वयासाठी, आठवीपर्यंतचा. नववीत गेलं की मूल त्या कायद्याच्या बाहेर. म्हणजे ज्या वर्गात सेहर चाललं त्या पोरांना सगळ्यात जास्त गरज होती आणि त्यांच्याकडे या कायद्याचं संरक्षणही नव्हतं. शाळेनं स्वतः ठरवलेल्या धोरणाला म्हणून किंमत होती.

निकाल

सुरुवातीच्या पाहणीत १३,०३५ मुलं होती, साधारण आठ महिन्यांनंतरच्या पाहणीत १४,४१४. मुख्य मोजमाप होतं शाळेचं वातावरण, त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या 'बियाँड ब्लू' या मानसिक आरोग्य संस्थेची २८ प्रश्नांची प्रश्नावली वापरली.

सेहर मित्र असलेल्या शाळांचा स्कोअर फक्त-तरंगवाल्या शाळांपेक्षा सरासरी ७.५७ नं जास्त आला. आता दुसरा गट, जिथे शिक्षक तेच काम करत होते. तिथे आणि फक्त-तरंग गटात फरक किती? उणे ०.००९. म्हणजे शून्य. थोडा कमी परिणाम नाही, अर्धा परिणाम नाही, काहीच नाही. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा परत मागे जाऊन टेबल बघितलं, कारण इतकं स्वच्छ शून्य सामाजिक संशोधनात क्वचित दिसतं.

बाकीच्या गोष्टींवरही तसंच. सेहर मित्र असलेल्या शाळांमध्ये नैराश्याच्या प्रश्नावलीवरचा सरासरी स्कोअर १.२३ नं खाली आला, दादागिरी कमी झाली, हिंसा सहन करावी लागल्याचं सांगणारी मुलं कमी झाली, आपण हिंसा केली असं कबूल करणारीही कमी झाली. मुला-मुलींच्या समानतेबद्दलची मतं सुधारली, लैंगिक आणि प्रजनन आरोग्याची माहिती वाढली.

दुसऱ्या वर्षीही हीच मुलं पुढच्या वर्गात असताना कार्यक्रम चालू ठेवला, १७ महिन्यांनंतर परत मोजलं, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये 'प्लॉस मेडिसिन'मध्ये तो पेपर आला. मित्रवाल्या शाळांमधला फरक टिकला होता, इतकंच नाही, वाढला होता. शिक्षकवाल्या गटात दुसऱ्या वर्षीही तशी हालचाल नाही. आणि ही दुसऱ्या वर्षाची गोष्ट मला पहिल्या वर्षाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण 'शिक्षकांना थोडा वेळ द्या, हळूहळू जमेल' हा बचाव तिथे संपतो.

आता थोडं सावध राहून. हे सगळं मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवर आहे. ज्या शाळेत एक प्रेमानं बोलणारं माणूस वर्षभर वावरलंय तिथलं मूल शाळेबद्दल विचारलं की थोडं भरभरून सांगणारच. वातावरणाच्या मापावरचा परिणाम, वेगवेगळ्या अभ्यासांची तुलना करायला वापरतात त्या 'इफेक्ट साइज'मध्ये, १.८८ इतका मोठा निघालाय, शिक्षणाच्या रिसर्चमध्ये ०.२-०.३ आलं तरी लोक समाधानी असतात, त्यामुळे एवढा आकडा बघून शंका येणं योग्यच आहे आणि माझ्या मते तो आकडा जसाच्या तसा दुसऱ्या राज्यात मिळेल असं कुणी गृहीत धरू नये. नैराश्यातला फरकही सरासरी सव्वा गुणाचा आहे, २७ पैकी. तो सगळ्या मुलांचा मिळून सरासरी आहे, त्यातली बरीच मुलं मुळात ठीकच होती, हे लक्षात घेतलं तर तो लहान नाही, पण चमत्कारही नाही. मात्र या सगळ्या शंका घेऊनही एक गोष्ट हलत नाही. मुलं खूश करणारी उत्तरं देत असतील तर ती शिक्षकवाल्या गटातही देऊ शकत होती. तिथे शून्य आलं.

शिक्षकांकडून का झालं नाही

इथे माझं मत जास्त आणि पेपर कमी, ते वेगळं करून सांगते. संशोधकांनी जी कारणं मांडली त्यांत शिक्षकांवरचा कामाचा बोजा आणि मुलांची शिक्षकापुढे मोकळं होण्याची तयारी नसणं ही मुख्य आहेत. दोन्ही मला पटतात, पण दुसरं जास्त खोल आहे असं वाटतं.

बोजाचं आधी. आरटीईच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय. प्रत्यक्षात आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कुठल्याही बाईंना विचारा, बीएलओची, म्हणजे मतदार याद्यांच्या कामाची ड्यूटी, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब, यूडायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, आधार जुळत नाही म्हणून परत भरायची यादी, रोज एक नवीन लिंक आणि 'आजच भरून पाठवा' असा ग्रुपवरचा मेसेज. माझ्या घरात शिक्षक आहेत, रात्री दहा वाजता मोबाइलवर फॉर्म भरत बसलेले मी बघितलेत. अशा माणसाला आणखी एक रजिस्टर देऊन सांगायचं की दर महिन्याला भिंतीवरचं मासिक बदला, दर आठवड्याला पेटी उघडा, तीन मुलांशी अर्धा-अर्धा तास बोला, तर तो काय करणार? जे साहेब तपासतात ते आधी करणार. यात शिक्षकाचा दोष शोधणं मला अन्यायाचं वाटतं.

पण समजा वेळ असता. तरी एक अडचण राहतेच. पोरगं ज्याच्याकडे मन मोकळं करायला जाणार तोच माणूस त्याला मार्क देणार, तोच वर्गात सगळ्यांसमोर रागावणार, तोच पालकसभेत आईबापांना सांगणार, आणि काही ठिकाणी हातात छडीही त्याच्याच. मुलीचं मासिक पाळीबद्दल किंवा घरातल्या काकाबद्दल काही असेल तर ती गणिताच्या सरांना कशी सांगेल? आणि समजा शाळेतल्याच एखाद्या शिक्षकाबद्दल तक्रार असेल तर त्याच्याच सहकाऱ्याच्या पेटीत चिठ्ठी टाकायची? पेटीची किल्ली कुणाकडे आहे हे मुलांना बरोबर कळतं.

सेहर मित्राकडे हे काहीच नव्हतं. तो मार्क देत नाही. त्याला नापास करता येत नाही, वर्गाबाहेर उभं करता येत नाही. त्याच्या हातात सत्ता नाही, आणि मला वाटतं परिणामाचा मोठा भाग त्यामुळेच आहे, समुपदेशनाच्या तंत्रामुळे कमी. वेळ होता आणि सत्ता नव्हती, या दोन गोष्टी एकत्र शाळेत फार क्वचित मिळतात.

हे फक्त बिहारचं नाही हे पण बघायला हवं. युरोपात 'सेल' नावाचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये निकाल आला, १० देश, १६८ शाळा, ११,११० मुलं. त्यात एका गटात शिक्षकांना आत्महत्येची चिन्हं ओळखायचं ट्रेनिंग दिलं होतं, दुसऱ्या गटात बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी थेट मुलांबरोबर सत्रं घेतली. बारा महिन्यांनंतर आत्महत्येचे प्रयत्न लक्षणीय कमी झाले ते दुसऱ्या गटात, शिक्षक-ट्रेनिंगच्या गटात तसा परिणाम दिसला नाही. ब्रिटनमध्ये 'मिरियड' ट्रायल, ८५ शाळा, ८,३७६ मुलं, शिक्षकांनी स्वतः माइंडफुलनेस, म्हणजे आत्ताच्या क्षणावर शांतपणे लक्ष ठेवायचा सराव, शिकून मुलांना शिकवला, २०२२ चा निकाल: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही फायदा नाही. श्रीमंत देश, लहान वर्ग, भरपूर ट्रेनिंग, तरीही. प्रत्येक अभ्यास वेगळा आहे, सगळ्यांवरून एकच नियम काढू नये, पण 'शिक्षकाला ट्रेनिंग दिलं की झालं' या समजुतीच्या बाजूनं पुरावा दाखवा म्हटलं तर तो मिळणं खरंच कठीण आहे.

आणि मग पॉलिसीत काय झालं

आयुष्मान भारतखाली २०१८ मध्ये शालेय आरोग्य आणि वेलनेस कार्यक्रम जाहीर झाला. त्याचं अभ्यास साहित्य फेब्रुवारी २०२० मध्ये बाहेर आलं, म्हणजे ज्या महिन्यात सेहरचा दुसऱ्या वर्षाचा पेपर छापला गेला त्याच महिन्यात. ११ विषय, त्यात भावनिक स्वास्थ्य आणि मानसिक आरोग्यही आहे, आठवड्याला एक तास. चालवणार कोण? प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, त्यांना 'आरोग्यदूत' म्हणायचं. म्हणजे नालंदात ज्या गटाला शून्य मिळालं त्याच गटाची रचना देशभर.

मी सरकारच्या बाजूनंही विचार करून बघितला. देशात सुमारे १४.७ लाख शाळा आहेत आणि एक कोटीच्या आसपास शिक्षक. प्रत्येक शाळेत एक नवीन माणूस म्हणजे प्रत्येकी पगार, दर महिन्याला, दर वर्षी, आणि तो राज्यांनी द्यायचा. शिक्षक तर आहेतच. वित्त विभागातल्या कुणालाही दुसरा पर्याय सोपा वाटणार हे कळतं. पण खर्च वाचला हे म्हणणं तेव्हाच खरं, जेव्हा दुसऱ्या पर्यायातून थोडं तरी काम होतं. शून्य परिणामासाठी दिलेलं ट्रेनिंग, छापलेली पुस्तकं, शिक्षकांचे गेलेले तास, हा सगळा पूर्णपणे वाया गेलेला खर्च आहे, फक्त तो कुठल्याही एका हेडखाली दिसत नाही म्हणून बोचत नाही.

आणि मधला रस्ता आहे, हेही संगथच्याच पुढच्या कामातून दिसतं. सेहरनंतर त्यांनी दिल्ली आणि गोव्यात 'प्राइड' नावाचा कार्यक्रम केला, नववी ते बारावीसाठी. दिल्लीच्या ६ सरकारी शाळांमधल्या २५१ मुलांवर ट्रायल झाली: सगळ्यांना अडचण सोडवायची पद्धत शिकवणाऱ्या चित्रकथा-पुस्तिका, आणि निम्म्यांना त्याबरोबर समुपदेशकाशी तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या बैठका, अर्ध्या तासाच्या आतल्या. समुपदेशक परत डिग्री नसलेलेच. निकाल मिश्र होता आणि तो मिश्र म्हणूनच सांगायला हवा. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता बैठकांवाल्या गटात जास्त कमी झाली, पण मानसिक लक्षणांच्या एकूण स्कोअरमध्ये दोन गटांत ठोस फरक नव्हता. म्हणजे लहान डोसचं काम लहान असतं. वर्षभर शाळेत वावरणारा मित्र आणि तीन आठवड्यांच्या बैठका या एकच गोष्ट नाहीत.

प्राइडमधलीच आणखी एक गोष्ट फार कामाची वाटली. समुपदेशकानं वर्गात जाऊन एकदा ओळख करून दिली, मानसिक त्रास म्हणजे काय आणि मदत कुठे मिळेल हे सांगितलं, तर मदत मागायला येणाऱ्या मुलांची संख्या प्रचंड वाढली, आणि बहुतेक स्वतःहून आली, शिक्षकांनी पाठवायची वाट न बघता. आपल्याकडे सारखं म्हणतात ना की पोरं बोलतच नाहीत. बोलतात. बोलायला कुणी आहे हे त्यांना कळलं पाहिजे.

महाराष्ट्रात हे आणायचं तर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळांमध्ये समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते आणायचा उल्लेख आहे, पण उल्लेख म्हणजे पद नाही. जास्त जोराचं पाऊल आलं ते कोर्टाकडून. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं, विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. त्यापेक्षा लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी अधिकृत संबंध ठेवायचा.

चांगलं आहे, मी मनापासून स्वागत करते. पण आपल्या गावातल्या शाळांचं चित्र डोळ्यासमोर आणा. झेडपीच्या कितीतरी शाळांचा पट शंभराच्या खूप खाली आहे, कित्येक ठिकाणी वीसच्या आतबाहेर, आणि 'बाहेरचे तज्ज्ञ' तालुक्यालाही नसतात, जिल्ह्याला एखादे. कागदावर संबंध होईल, मूल मात्र तिथेच राहील. त्यात आश्रमशाळा आणि वसतिगृहं वेगळीच, तिथे मूल चोवीस तास असतं, घरी जाऊन आईच्या कुशीत रडायची सोय नाही, तिथे तर मला वाटतं सगळ्यात आधी हा माणूस हवा.

आपल्याकडे एक सोय मात्र आहे जी बऱ्याच राज्यांत इतकी नीट बसलेली नाही, ती म्हणजे केंद्रशाळा. साधारण दहाएक शाळांचं एक केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख. प्रत्येक लहान शाळेत नाही, पण प्रत्येक केंद्रात एक पूर्णवेळ 'मित्र' ठेवता येईल, जो ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत असेलच, मुलांना माहीत असेल की बुधवारी ताई येते. मोठ्या माध्यमिक शाळेला स्वतंत्र. तो शिक्षक संवर्गातला नको, मार्कांशी आणि निकालाशी त्याचा संबंध नको, आणि शाळेच्या इतर कामात त्याला ओढायचं नाही हे नेमणुकीच्या आदेशातच लिहिलेलं हवं, नाहीतर पहिल्याच निवडणुकीत तो बीएलओ होईल. देखरेखीला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला तज्ज्ञ, कारण डिग्री नसलेल्या माणसाला गंभीर केस कळली पाहिजे आणि ती पुढे कुणाकडे द्यायची हेही. सेहरचं यश ट्रेनिंगइतकंच सततच्या देखरेखीवर उभं होतं, हे विसरून नुसते मानधनावर माणसं घेतली तर वर्षभरात सगळं विस्कटेल.

केंद्रावर एक माणूस म्हणजे सेहरपेक्षा पातळ डोस, हे मला मान्य आहे. नालंदात प्रत्येक शाळेला एक होता. दहा शाळांना एक पुरेल का हे कुणीतरी नीट तपासून बघितलं पाहिजे, दोन-तीन जिल्ह्यांत, परत चिठ्ठ्या काढूनच: काही केंद्रांत एक, काही केंद्रांत दोन, काहींत आत्ता आहे तसंच. गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक दिले जातात, त्यांचा अनुभव शेजारीच आहे, तो मागवता येईल.

शिक्षकांचं काय? त्यांना बाहेर ठेवा असं मी म्हणत नाहीये. वर्गात कोण अचानक गप्प झालंय, कुणाची हजेरी घसरलीये, कुणाच्या हातावर खुणा दिसतात, हे सगळ्यात आधी शिक्षकालाच दिसतं आणि त्यानं ते सांगायचंच आहे. वर्गात अपमान न करता शिकवणं हेही त्याचंच काम. पण ऐकायला बसणारं माणूस दुसरं हवं.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत असाल किंवा नुसते पालक असाल तरी आत्ताच दोन गोष्टी विचारू शकता. शाळेत तक्रारपेटी असेल तर ती कोण उघडतं, आणि उघडताना मुलांच्या बाजूचं कुणी असतं का. दुसरी, शाळेच्या बोर्डावर 'समुपदेशक' म्हणून ज्यांचं नाव लिहिलंय त्यांचा आठवड्यात शिकवायचा तास किती. बऱ्याच ठिकाणी उत्तर पूर्ण वेळापत्रक असं येईल, आणि तेच लेखी मागून घ्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. पुढे कधी या विषयाचा शासन निर्णय निघाला तर पहिल्यांदा शेवटची पानं वाचा: पदाला स्वतंत्र लेखाशीर्ष आणि पगार दिलाय, की 'शाळेतील विद्यमान शिक्षकांमधून एकाची निवड करावी' असं लिहिलंय. दुसरं असेल तर त्याच आठवड्यात हरकत नोंदवा, आणि हरकतीत नालंदाचा तो उणे ०.००९ आकडा लिहा.